आईसाठी पॉवर व्हीलचेअर: घडीची घ्यावी की पक्क्या सांगाड्याची, आणि गाडीत व विमानात ती कशी न्यावी?

प्रश्न: मुक्ता_वाचते

माझ्या आईला बालपणी पोलिओ झाला होता. तिने कित्येक वर्षे कॅलिपर आणि कुबड्यांच्या आधाराने काढली, पुढे हाताने चालवायची व्हीलचेअर आली, आणि आता साठी ओलांडल्यावर तिचे दोन्ही खांदे इतके दुखावले आहेत की यापुढे स्वतः चाके फिरवू नयेत, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. त्यामुळे बॅटरीवर चालणारी खुर्ची घेण्याचे आम्ही ठरवले आहे. आई अजून काम करते, दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीतच बसते, व्याख्यानांसाठी परगावी जाते आणि अधूनमधून विमानानेही प्रवास करते.

आमच्यासमोर दोन पर्याय आहेत. पहिली खुर्ची घडीची, सुमारे २६ किलो वजनाची आणि लिथियम बॅटरीची आहे. बॅटरीवर २४ व्होल्ट, २० अँपिअर-अवर असे छापलेले आहे. दुसरी पक्क्या सांगाड्याची, मधल्या चाकांवर चालणारी, बैठक मागे कलवता येणारी आणि जेल बॅटरीची (आतले आम्ल द्रव नसून घट्ट जेलच्या रूपात असलेली) असून तिचे वजन १३० किलोच्या आसपास आहे. पहिली विकणारे म्हणतात की प्रवास करायचा असेल तर दुसरीचा विचारही करू नका. दुसरी विकणारे म्हणतात की पहिली ही खुर्ची नसून सामान आहे. दोघांनाही आपापला माल खपवायचा आहे हे कळते, पण त्यातले खरे किती, हे मला ठरवता येत नाही.

आमच्या व्हॅनला मागच्या बाजूने रॅम्प लावता येतो. आईला खुर्चीतून उचलून गाडीच्या आसनावर बसवणे दिवसेंदिवस अवघड होत चालले आहे, त्यामुळे तिला खुर्चीत बसलेल्या स्थितीतच न्यावे लागेल. निवड कोणत्या निकषांवर करावी आणि प्रवासात कोणती काळजी घ्यावी, हे जाणकारांनी सांगावे, ही विनंती.

प्रतिसाद: बैठक_आधी

मी व्यवसायोपचार तज्ज्ञ आहे आणि माझे बरेचसे काम व्हीलचेअरमधील बैठकीशी संबंधित आहे. तुमच्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाचा आकडा बॅटरीचा किंवा वजनाचा नसून 'आठ-नऊ तास' हा आहे. जी व्यक्ती दिवसातून तासभर बाहेर फिरण्यापुरती खुर्ची वापरते आणि जिचा सारा दिवस त्याच खुर्चीत जातो, त्या दोघींच्या गरजा मुळातच वेगळ्या असतात.

पोलिओत स्नायूंकडे जाणाऱ्या चेतापेशींना इजा होते, संवेदना मात्र शाबूत राहते. त्यामुळे मज्जारज्जूला इजा झालेल्या व्यक्तीला दाबामुळे होणाऱ्या जखमांचा जितका धोका असतो, तितका तो तुमच्या आईंना कदाचित नसेल. पण टोचणे, दुखणे आणि थकवा हे सारे त्यांना पुरेपूर जाणवेल. पोलिओ झालेल्या अनेकांच्या पाठीच्या कण्याला बाक असतो आणि उतारवयात उरलेले स्नायूही लवकर थकू लागतात. अशा वेळी सपाट कापडी बैठकीच्या घडीच्या खुर्चीत शरीर एका बाजूला कलत जाते आणि तोल सावरण्यासाठी तोच दुखरा खांदा पुन्हा कामाला लागतो. ज्या खांद्यांसाठी पॉवर व्हीलचेअर घ्यायची, त्यांनाच तिने ताण द्यावा, हे कोणत्याही किमतीला परवडणारे नाही.

बैठक कलण्याचे दोन प्रकार आहेत आणि विक्रेते अनेकदा त्यांत गल्लत करतात. एकात फक्त पाठ मागे जाते. दुसऱ्यात पाठ आणि बैठक यांमधला कोन कायम राहून संपूर्ण आसनच मागे कलते. पहिल्या प्रकारात शरीर बैठकीवरून पुढे घसरते आणि त्वचेवर ओढ बसते. दुसऱ्यात ती ओढ बरीच कमी असते आणि नितंबांवरचा भार पाठीकडे सरकतो. दिवसभर बसणाऱ्यासाठी हा दुसरा प्रकार मला चैनीचा वाटत नाही. तुमच्या दुसऱ्या खुर्चीत नेमका कोणता आहे, ते प्रत्यक्ष कलवून पाहा.

मोजमापाविषयी थोडक्यात सांगते. बैठकीच्या पुढच्या कडेत आणि गुडघ्यामागच्या खळग्यात दोन ते तीन बोटांचे अंतर असावे, पावले आधारावर सपाट टेकावीत, आणि जॉयस्टिकपर्यंत पोहोचताना खांदा उचलावा लागू नये. जॉयस्टिकचा वेग, सुरुवातीचा झटका आणि हाताच्या कंपाला मिळणारा प्रतिसाद हे सारे बहुतेक चांगल्या खुर्च्यांमध्ये बदलता येते. ते काम विक्रेत्याने आईंना खुर्चीत बसवून, त्यांच्या हाताप्रमाणे करून द्यायला हवे.

चाकांबद्दल बोलायचे तर मधल्या चाकांवर चालणारी खुर्ची जवळजवळ जागच्या जागी वळते, म्हणून घरात आणि लिफ्टमध्ये ती सोयीची पडते. तिची उणीव अशी की रॅम्पचा पाया किंवा माथा जिथे एकदम मोडतो, तिथे पुढची व मागची छोटी चाके टेकतात आणि चालवणारी मधली चाके अधांतरी राहू शकतात. मागच्या चाकांवर चालणारी खुर्ची वेगात सरळ धावते, परंतु तिला वळायला जागा लागते आणि चढावर ती मागे उलटण्याचा धोका अधिक असतो. पाठीला जड पिशवी अडकवली की तो आणखी वाढतो. पुढच्या चाकांवर चालणारी लहान अडथळे सहज ओलांडते, मात्र वेगात तिचा मागचा भाग डोलतो. कागदावर यांची तुलना करत बसण्यापेक्षा खुर्ची घरी मागवावी आणि न्हाणीघराचा दरवाजा, सर्वांत अरुंद वळण व नेहमीच्या वाटेवरचा सर्वांत वाईट उंबरठा या तीन ठिकाणी ती आईंनी स्वतः चालवून पाहावी. त्यासाठी जो विक्रेता नकार देतो, त्याचा नाद सोडलेला बरा.

प्रतिसाद: जॉयस्टिकधारी

वरील विवेचन मान्य आहे, तरी घडीच्या खुर्चीची बाजू कोणीतरी मांडायला हवी. मी स्वतः पॉवर व्हीलचेअर वापरतो. १३० किलोची खुर्ची जिथे अडते तिथे ती अडतेच. दोन पायऱ्या आल्या की चार माणसेसुद्धा ती सुरक्षितपणे उचलू शकत नाहीत आणि साध्या भाड्याच्या गाडीत तर ती मावतच नाही. २६ किलोची खुर्ची दोघेजण उचलतात, गाडीच्या डिकीत टाकतात आणि माणूस पोहोचतो. ज्यांना प्रवासात थोडा वेळ आसन बदलून बसता येते, त्यांच्यासाठी ही मोकळीक फार मोठी असते.

तिच्या मर्यादाही सांगतो. वजन कमी म्हणजे पकडही कमी, पुढची चाके लहान म्हणजे फटीत अडकण्याची शक्यता जास्त, आणि तीव्र चढावर मोटर तापते. कडेला किंवा उंबरठ्याला नेहमी काटकोनात सामोरे जावे. तिरके गेल्यास एक चाक आधी चढते आणि खुर्ची बाजूला झुकते. माहितीपत्रकातला पल्ला सपाट पृष्ठभागावरच्या चाचणीतून काढलेला असतो. चढ, खडबडीत रस्ता, थंडी आणि जुनी झालेली बॅटरी या सर्वांनी तो घटतो, म्हणून मी छापील आकड्याच्या निम्म्यावर दिवसाची आखणी करतो.

आणखी एक गोष्ट दोन्ही प्रकारांना सारखीच लागू आहे. मोटरपासून चाके सुटी करण्यासाठी प्रत्येक खुर्चीला एक खटका असतो, जेणेकरून बॅटरी संपल्यास खुर्ची ढकलता यावी. तो खटका ओढला की विद्युतचुंबकी ब्रेकचाही चाकांवर ताबा राहत नाही. त्यामुळे उतारावर तो कधीही ओढू नये, आणि मदतीला धावून आलेल्या उत्साही माणसाला हे आधीच सांगावे, कारण असा माणूस सर्वप्रथम तोच खटका शोधतो.

प्रतिसाद: पट्टे_चार

दिव्यांग प्रवाशांची ने-आण करणाऱ्या वाहनांवरील कर्मचाऱ्यांना मी प्रशिक्षण देतो. मूळ प्रश्नातील एका वाक्यावर चर्चा व्हायला हवी होती, ती अजून झालेली नाही. आईंना खुर्चीत बसलेल्या स्थितीतच न्यायचे असेल, तर खुर्ची हेच वाहनातील आसन ठरते. मग ते आसन अपघातात टिकेल का, हा प्रश्न खरेदीच्या वेळीच विचारावा लागतो.

यासाठी आयएसओ ७१७६-१९ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात खुर्ची चार पट्ट्यांनी बांधून, तिच्यात मानवाकृती पुतळा बसवून, ताशी ४८ किलोमीटर वेगाच्या समोरासमोरील धडकेसारखा, सुमारे २० जी (गुरुत्वाकर्षणाच्या वीसपट) इतका आघात दिला जातो. २० जी म्हणजे काय, तर तुमची १३० किलोची खुर्ची त्या क्षणी पट्ट्यांना २,६०० किलो वजनाइतक्या जोराने पुढे ओढते. खुर्चीचा ब्रेक, दोरी किंवा सामान बांधायचा पट्टा यांच्या भरवशावर हा जोर पेलत नाही. चाचणी उत्तीर्ण झालेल्या खुर्चीच्या सांगाड्यावर पट्टे अडकवण्याच्या चार जागा असतात आणि त्यांवर हुकाचे चिन्ह असते. हे चिन्ह दिसते का आणि पुस्तिकेत या मानकाचा उल्लेख आहे का, हे दोन्ही खुर्च्यांच्या बाबतीत तपासा. 'नंतर बसवून देऊ' हे उत्तर स्वीकारू नका, कारण चाचणी संपूर्ण खुर्चीची होते, मागाहून जोडलेल्या कड्यांची नव्हे. अनेक घडीच्या खुर्च्यांच्या पुस्तिकेत तर वाहनात या खुर्चीवर बसू नये, असे स्पष्ट लिहिलेले असते.

बांधताना खुर्चीचे तोंड वाहनाच्या पुढच्या दिशेला असावे. आडवी लावलेली खुर्ची धडकेत वाकते आणि माणूस बाजूला फेकला जातो. शहर-बसमध्ये काही ठिकाणी मागे तोंड करून, गादी लावलेल्या आधाराला टेकून उभे करण्याची सोय असते. ती व्यवस्था बससाठी आखलेली आहे, व्हॅनमध्ये तिची नक्कल करू नये. मागचे पट्टे जमिनीशी साधारण ३० ते ४५ अंशांचा, तर पुढचे ४० ते ६० अंशांचा कोन करतात. पट्टे कधीही चाकांना, हाताच्या आधारांना किंवा पायांच्या निघणाऱ्या आधारांना अडकवू नयेत. चारही ताणून झाले की सांगाडा धरून हलवून पाहावा.

खुर्ची बांधली म्हणजे माणूस बांधला गेला असे नाही. माणसासाठी वाहनाचा स्वतंत्र पट्टा हवा, त्याचा खालचा भाग पोटावर न राहता कमरेच्या हाडांवर खाली बसला पाहिजे आणि तो हाताच्या आधारांच्या आतून गेला पाहिजे. आधारावरून नेलेला पट्टा शरीरापासून दूर राहतो आणि मोक्याच्या क्षणी निरुपयोगी ठरतो. दुसरा भाग खांद्याच्या मध्यावरून छातीवर यावा. खुर्चीला जोडलेला मऊ पट्टा बसण्याची ढब सांभाळण्यासाठी असतो. अपघातातले संरक्षण हे त्याचे काम नव्हे. प्रवासात पाठ शक्य तितकी उभी ठेवावी, ती उभ्या रेषेपासून ३० अंशांपेक्षा जास्त मागे जाऊ देऊ नये, डोक्याला आधार असावा आणि खांद्याचा पट्टा लावल्यावरही डोक्यापुढे सुमारे ६५ सेंटिमीटर मोकळी जागा राहावी. ट्रे काढून ठेवावा, पिशव्या वेगळ्या बांधाव्यात आणि खुर्चीचा वीजपुरवठा बंद करावा.

तुमच्या व्हॅनच्या तळाची उंची आणि रॅम्पची लांबी किती आहे?

मुक्ता_वाचते

सर्वांचे मनापासून आभार. व्हॅनचा तळ जमिनीपासून सुमारे ५० सेंटिमीटर उंच आहे आणि पाहून ठेवलेला रॅम्प २ मीटर लांबीचा आहे. घडीच्या खुर्चीच्या पुस्तिकेत वाहनातील आसन म्हणून वापर करू नये, असेच लिहिलेले निघाले. दुसऱ्या खुर्चीवर हुकाचे चिन्ह आहे, पण एवढी जड खुर्ची विमानात घेतील का, आणि तिच्या बॅटरीचे काय, ही धास्ती मात्र कायम आहे.

प्रतिसाद: पट्टे_चार

५० सेंटिमीटर उंची आणि २ मीटर रॅम्प यांचा चढ साडेचौदा अंशांच्या आसपास जातो. पॉवर व्हीलचेअरची जाहीर केलेली मर्यादा बहुधा ६ ते १० अंशांची असते, म्हणून हा रॅम्प घेऊ नका. इमारतींसाठी मानला जाणारा एकास बारा हा उतार ठेवायचा म्हटले तर ६ मीटरचा रॅम्प लागेल, जो व्हॅनच्या मागे व्यवहार्य नाही. ३ मीटरचा रॅम्प घेतला तर चढ साडेनऊ अंशांच्या थोडा वर येतो. तो तुमच्या खुर्चीच्या मर्यादेत बसतो का ते पुस्तिकेत पाहा, नाहीतर लिफ्ट किंवा तळ खाली घेतलेली गाडी हाच मार्ग उरतो. रॅम्पची भारक्षमता ठरवताना खुर्ची आणि आई यांची बेरीज धरा, शिवाय सोबतचा माणूस रॅम्पवर पाय ठेवणार असेल तर त्याचेही वजन मिळवा. चढताना खुर्चीचे तोंड चढाकडे, वेग सर्वांत कमी, आईंचा पट्टा लावलेला आणि मदतनीस बाजूला, हा क्रम पाळावा. १३० किलोची खुर्ची मागे सरकू लागली तर मागे उभा असलेला माणूस ती अडवू शकत नाही, तो तिच्याखाली सापडतो.

प्रतिसाद: मालकप्पा

मी विमानतळावर सामान हाताळणीच्या विभागात काम केले आहे. बॅटरीविषयीची तुमची धास्ती नेमकी उलट्या खुर्चीवर बसली आहे.

जेल बॅटरी ही न सांडणारी बॅटरी मानली जाते. ती खुर्चीत घट्ट बसवलेली असेल, तिची टोके झाकलेली असतील आणि खुर्ची आपोआप सुरू होणार नाही अशी खात्री असेल, तर साधारणपणे ती खुर्चीतच ठेवून खुर्ची मालकप्प्यात जाते. लिथियमचा हिशेब वेगळा आहे. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर म्हणजे वॅट-अवर, त्यामुळे तुमच्या घडीच्या खुर्चीची बॅटरी ४८० वॅट-अवरची झाली. आयाटा या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या धोकादायक मालाविषयीच्या नियमांनुसार, ज्या खुर्चीची लिथियम बॅटरी काढावी लागते तिची बॅटरी प्रवाशाने केबिनमध्ये न्यायची असते आणि तेव्हा मर्यादा ३०० वॅट-अवरची असते. खुर्ची दोन बॅटऱ्यांवर चालत असेल तर प्रत्येकी १६० ची. खुर्चीत पक्की बसवलेली, सुरक्षित झाकलेली बॅटरी काढावी लागत नसेल तर ही मर्यादा लागू होत नाही, पण घडीच्या खुर्चीला ही सवलत मिळणे कठीण. थोडक्यात, जी खुर्ची 'प्रवासासाठी' म्हणून दाखवली जात आहे तीच, त्या बॅटरीसह, तुम्हाला विमानतळावर अडवू शकते. २४ व्होल्ट आणि १२ अँपिअर-अवरची बॅटरी २८८ वॅट-अवरची होते व मर्यादेत बसते. पल्ला अर्थातच कमी होतो.

जड खुर्ची विमानात जाते का, तर जाते, पण विमान कोणते यावर बरेच अवलंबून आहे. काही अरुंद विमानांच्या मालकप्प्याचे दार एक मीटरपेक्षाही कमी उंचीचे असते. म्हणून तिकीट काढतानाच खुर्चीची लांबी, रुंदी, पाठ दुमडल्यानंतरची उंची, वजन आणि बॅटरीचा प्रकार लेखी कळवावा आणि कंपनीचे लेखी उत्तर जवळ ठेवावे. खुर्ची न्यायला कंपनीची पूर्वपरवानगी लागते आणि किती तास आधी कळवायचे हे प्रत्येक कंपनी ठरवते. काही कंपन्या आयाटाच्या नियमांपेक्षाही कडक अटी घालतात.

खुर्ची सुपूर्द करताना कुशन, निघणारी जॉयस्टिक, डोक्याचा आधार आणि सुटे होणारे सर्व भाग काढून केबिनमध्ये न्यावेत. जॉयस्टिक निघत नसेल तर ती आत वळवून जाड आवरणात बांधावी. खुर्चीच्या चारही बाजूंचे फोटो काढावेत. मोठ्या अक्षरांतला एक कागद पारदर्शक पाकिटात घालून पाठीवर चिकटवावा आणि त्यात वीज कशी बंद करायची, चाके सुटी करण्याचा खटका कुठे आहे, उचलताना कुठे धरायचे आणि कुठे धरायचे नाही, एवढेच लिहावे. हाताचे आधार धरून उचलल्याने मोडलेल्या खुर्च्या मी पाहिल्या आहेत. तिथे निष्काळजीपणापेक्षा माहितीचा अभाव अधिक होता. विमानाच्या दारापर्यंत स्वतःच्याच खुर्चीतून जाण्याची मागणी करावी. तिथून आसनापर्यंत अरुंद खुर्ची मिळते; तिच्यावर आईंच्या पाठीला आधार पुरतो का, हे त्यांनीच सांगितले पाहिजे.

उतरल्यावर खुर्ची तिथेच चालवून पाहावी आणि इजा दिसल्यास विमानतळ सोडण्यापूर्वी लेखी नोंद करावी. आंतरराष्ट्रीय उड्डाणांना लागू होणाऱ्या १९९९ च्या माँट्रियल करारानुसार नोंदवलेल्या सामानाच्या नुकसानीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून ७ दिवसांच्या आत करावी लागते. याच कराराने सामानाच्या भरपाईला कमाल मर्यादा घातली आहे. २८ डिसेंबर २०२४ पासून ती १,५१९ विशेष आहरण अधिकार (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक) इतकी आहे, आणि चांगल्या पॉवर व्हीलचेअरची किंमत सहज त्याच्या पलीकडे जाते. म्हणून खुर्ची सोपवतानाच तिच्या मूल्याची विशेष घोषणा करण्याची जी तरतूद करारात आहे ती वापरावी, किंवा स्वतंत्र विमा घ्यावा.

प्रतिसाद: बैठक_आधी

आता चित्र बरेच स्पष्ट झाले आहे. आईंना वाहनात खुर्चीतच बसावे लागणार आहे आणि मुक्कामी पोहोचल्यावरही दिवसभर त्याच खुर्चीत काम करायचे आहे, त्यामुळे माझा कौल पक्क्या सांगाड्याच्या खुर्चीला आहे. घडीची खुर्ची वाईट नाही, पण या दोन अटींत ती बसत नाही. पुढे कधी शक्य झाल्यास पायऱ्यांच्या ठिकाणांसाठी मर्यादेतल्या बॅटरीची एखादी हलकी खुर्ची जोडीला घेता येईल.

विकत घेण्यापूर्वी दोन गोष्टी पाहून घ्या. खुर्चीसोबतचा चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालतो का, आणि बैठक पूर्ण कलवलेली असताना वीज गेली तर ती हाताने सरळ करता येते का. जेल बॅटरी रोज रात्री पूर्ण चार्ज करायला हवी. तिला वरचेवर पूर्ण उतरू दिल्यास तिचे आयुष्य झपाट्याने घटते. आणि चाके सुटी करण्याचा खटका कुठे आहे, हे आईंनी स्वतः पाहून, दुसऱ्याला तोंडी समजावून सांगण्याचा सराव करावा, कारण विमानाच्या दाराशी खुर्ची ताब्यात देताना ते सांगणारे त्यांच्याशिवाय दुसरे कोणी असेलच असे नाही.